बारावीनंतर बालशिक्षणाकडे वळायचंय? विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

कनिष्ठ महाविद्यालयात बालविकास हा विषय शिकवताना दरवर्षी तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतात. काही मुलींचे असतात, काही त्यांच्या आयांचे आणि अलीकडे काही मुलग्यांचेही. त्या सगळ्यांसाठी ही उत्तरं एकत्र केली आहेत. मतं माझी आहेत आणि ती मी उघडपणे मांडली आहेत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणं हे शिक्षणक्षेत्रातलं सगळ्यात कौशल्याचं काम आहे असं मी मानते. म्हणूनच त्याची तयारी सोळाव्या-सतराव्या वर्षी सुरू व्हावी असं मला वाटतं.

कोर्स तर बारावीनंतरच असतो. मग अकरावीपासून तयारी कशाला?

कोर्समध्ये जे शिकवतात त्याआधी बरंच काही अंगात मुरावं लागतं. मूल भोकाड पसरून रडत असताना आपला आवाज खालीच ठेवणं, पुस्तकात न बघता गोष्ट सांगणं, जमिनीवर मांडी घालून तासभर बसणं, एकाच प्रश्नाला दहाव्यांदा तितक्याच मनापासून उत्तर देणं. वर्षभराच्या डिप्लोम्यात या सवयींची जेमतेम सुरुवात होते.

शिवाय आपल्याला हे काम खरंच झेपेल का, हे फी भरण्याआधी कळलेलं बरं. अकरावीत असताना चार-सहा महिने आठवड्यातून एकदा बालवाडीत जाऊन बसलात, तर उत्तर आपोआप मिळतं. काहींना तिथून निघवत नाही, काहींना दुसऱ्याच दिवशी डोकं धरून बसावंसं वाटतं. दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत.

या क्षेत्राला पुढे मागणी राहील का?

राहील. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शालेय शिक्षणाची मांडणी ५+३+३+४ अशी केली. त्यातली पहिली पाच वर्षं म्हणजे वय ३ ते ८, हा पायाभूत स्तर. बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी असे दोन तुकडे त्यात एकत्र आले. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहाव्या वर्षाआधी होते, असं याच धोरणात नमूद केलं आहे. पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आला आणि त्यात खेळ हाच शिकण्याचा मुख्य मार्ग मानला आहे.

नोकरीची ठिकाणंही विचारात घ्या. महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. खासगी बालवाड्या, इंग्रजी शाळांचे नर्सरी वर्ग, स्वयंसेवी संस्थांची केंद्रं त्याखेरीज. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करावी लागते. तिथेही प्रशिक्षित माणसं लागतात.

अकरावीला कोणती शाखा घ्यावी?

कोणतीही चालते. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीला बालविकास हा विषय आहे. तुमच्या महाविद्यालयात असेल तर जरूर घ्या, मानसशास्त्र मिळत असेल तर तेही घ्या. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत बालसंगोपन व बालशिक्षण हा कौशल्य विषय आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावी करणाऱ्यांनाही तो निवडता येतो. विज्ञान शाखेच्या मुलांनी आपण चुकीच्या शाखेत आलो असं समजू नये. गांडूळ, बी, सावली, पाणी यांबद्दल चार वर्षांचं मूल जे विचारतं त्याला नीट उत्तर द्यायला विज्ञान लागतंच.

बारावीनंतर नेमके कोणते रस्ते आहेत?

इथे पालकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे. त्याला बारावीत किमान ५० टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत असते. प्रवेश घेताना त्या संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. माहितीपत्रकात छापलंय तेवढ्यावर विसंबू नका.

नोकरी करता करता शिकायचं असेल तर इग्नूचा (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा) बालसंगोपन व बालशिक्षणाचा डिप्लोमा हा जुना, विश्वासाचा आणि खिशाला परवडणारा पर्याय आहे. किमान कालावधी एक वर्षाचा. त्यातली बालविकासाची आणि आहाराची पुस्तकं चांगली आहेत. कोर्स न करणाऱ्यांनीही ती वाचावीत.

पदवीपर्यंत शिकण्याची तयारी असेल तर गृहविज्ञानातला मानवविकास हा विषय बघा. मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याची मोठी परंपरा आहे. पदवी असली की पुढे समुपदेशन, अभ्यासक्रम निर्मिती, विशेष गरजा असलेल्या मुलांसोबतचं काम अशी दारं उघडतात. घरची परिस्थिती झेपणारी असेल तर मी हाच रस्ता सुचवते.

डी.एल.एड. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. पहिली-दुसरी आता पायाभूत स्तरात येत असल्यामुळे लहान मुलांसोबत काम करायचं आणि जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतली नोकरीही हवी, अशांना तो सोयीचा. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. यांखेरीज बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अध्यापक अभ्यासक्रम निवडक संस्थांत सुरू झाला आहे. त्यात पायाभूत स्तर निवडता येतो आणि त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची वेगळी प्रवेश परीक्षा असते.

‘तीन महिन्यांत माँटेसरी टीचर व्हा’ अशा जाहिराती दिसतात. प्रवेश घ्यावा का?

आधी चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष मुलांसोबत किती तास काम करायला मिळेल? ते कोणत्या बालवाडीत? माँटेसरी साधनं वर्गात आहेत की नुसती चित्रात? शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः किती वर्षं बालवाडीचा वर्ग सांभाळला आहे? उत्तरं गुळमुळीत आली की उठून या.

माँटेसरी पद्धत जिच्या नावाने ओळखली जाते ती इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी स्वतः १९३९ साली भारतात आल्या आणि त्यांनी मद्रासजवळ अड्यार इथे शिक्षकांना प्रशिक्षण दिलं. ही पद्धत आपल्याकडे तेव्हापासून चांगली रुजलेली आहे आणि ती गांभीर्याने शिकवणाऱ्या संस्थाही आहेत. मात्र माँटेसरी हे नाव कुणीही पाटीवर लावू शकतं. त्यामुळे पाटी वाचून काहीच कळत नाही, वर्गात जाऊनच बघावं लागतं. ऑनलाइन व्हिडिओ बघून मिळवलेल्या प्रमाणपत्रावर मुलांची जबाबदारी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

अंगणवाडी सेविका व्हायला काय लागतं?

महाराष्ट्रात किमान बारावी उत्तीर्ण, वय १८ ते ३५ (विधवांसाठी ४० पर्यंत), महिला आणि त्याच गावची किंवा प्रभागातली रहिवासी. निवड गुणांवर होते. जाहिरात बालविकास प्रकल्प कार्यालयातून निघते. तेव्हा आपल्या तालुक्याचं हे कार्यालय कुठे आहे ते बारावीतच बघून ठेवा.

काम काय असतं हेही नीट समजून घ्या. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरात ३३ ठिकाणी सुरू झाली. तिच्यात सहा सेवा आहेत : पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असेल त्यांना पुढच्या उपचारासाठी दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. म्हणजे सेविकेच्या दिवसातला एक भाग मुलांना शिकवण्याचा असतो. बाकीच्या वेळात वजन-उंची घेणं, गरोदर मातांकडे गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी घराघरांतून बायांना बोलावून आणणं आणि पोषण ट्रॅकर ॲपवर हे सगळं भरणं. गावात रेंज नसली की शेवटचं काम सगळ्यात वेळ खातं. ज्यांना नुसतं शिकवायचं आहे त्यांना याचा त्रास होतो. ज्यांना अख्ख्या वस्तीशी नातं जोडायला आवडतं, त्यांच्यासारखी सेविका मिळायची नाही.

पगार किती मिळतो? खरं सांगा.

पुरेसा मिळत नाही. हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

अंगणवाडीत पगाराऐवजी मानधन असतं. ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेच्या मानधनात केंद्राने ठरवलेली रक्कम महिना ४,५०० रुपये आहे. राज्य त्यात आपली भर घालतं आणि ती वेळोवेळी वाढते. वाढते ती सहजासहजी नाही : महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनिसांनी डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केलेला संप पन्नासहून अधिक दिवस चालला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला, तो महत्त्वाचा टप्पा होता.

खासगी बालवाड्यांत चित्र फार असमान आहे. मोठ्या शहरांतल्या नावाजलेल्या शाळा बऱ्यापैकी पगार देतात. गल्लीतल्या इंग्रजी नर्सरीत मात्र शिक्षिकेच्या हातात पडणारी रक्कम घरकामाच्या मोबदल्याच्या आसपास असते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तीही बंद. याचं एक मूळ कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयोगटाला हक्क देतो. सहाच्या आतल्यांसाठी सरकार सोय करू शकतं एवढंच त्यात म्हटलं आहे. हा गट कायद्याच्या काठावर राहिला, तशी त्यांना शिकवणारी माणसंही काठावरच राहिली. हे बदलायला हवं आणि ते बदलण्यासाठी पात्रता असलेली, आपले हक्क ठाऊक असलेली तरुण माणसं या क्षेत्रात यायला हवीत. नेमणूकपत्र घेतल्याशिवाय आणि बारा महिन्यांचा पगार आहे का हे विचारल्याशिवाय कुठेही रुजू होऊ नका.

‘मला लहान मुलं आवडतात’ एवढं पुरेसं आहे का?

सुरुवातीला पुरतं. पण आवडणारं मूल हे बहुतेकदा हसरं, स्वच्छ, आपल्या मांडीवर येऊन बसणारं मूल असतं. वर्गात चावणारं मूल असतं, कुणाशीच न बोलणारं असतं, चड्डी ओली झाली म्हणून कोपऱ्यात उभं राहिलेलं असतं. त्या वेळी काय करायचं हे माहीत असावं लागतं, आणि ते शिकता येतं.

शिकायची सुरुवात नेमकी कशाने करू?

निरीक्षणाच्या वहीने. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी सगळ्यात आधी हीच करून घेते. शंभर पानी वही घ्या, बालवाडीच्या कोपऱ्यात बसा, एक मूल निवडा आणि दहा मिनिटं ते जे जे करतं ते लिहा. बहुतेकांच्या पहिल्या नोंदी अशा असतात :

‘निळ्या सदऱ्यातला मुलगा आज खूप मस्ती करत होता. हुशार आहे पण ताईंकडे लक्ष देत नाही.’

यात मुलाबद्दल काहीच कळत नाही, लिहिणारीचं मत तेवढं कळतं. दोन महिन्यांनी त्याच मुलीच्या वहीत तोच मुलगा असा येतो :

‘सकाळी १०.२०. पाण्याच्या टपाशी उकिडवा बसलाय. पेल्यातलं पाणी तांब्यात ओततो. तांब्या भरत नाही. पुन्हा पेला भरतो. मोजत नाही, पण दर वेळी तांब्यात डोकावतो. सहाव्या पेल्याला मोठ्याने म्हणाला, “याच्या पोटात किती मावतं!” ताईंनी गोलात बसायला हाक मारली. मान वर केली नाही. आठव्या पेल्याला पाणी काठावरून सांडलं, तेव्हा दोन्ही हात वर करून ओरडला आणि मग स्वतःहून गोलात जाऊन बसला.’

आता बघा, या मुलाचं लक्ष नव्हतं का? त्याचं लक्ष इतकं एकाग्र होतं की हाक ऐकू आली नाही. त्याचा आकारमानाचा अभ्यास चालला होता. अंदाज बांधणं, पडताळणं, निष्कर्षाला पोचणं हे सगळं त्या आठ पेल्यांत झालं. ही वही वाचणाऱ्या शिक्षिकेला उद्या त्याच्यासमोर काय ठेवायचं ते कळतं : वेगवेगळ्या आकारांची तीन भांडी आणि एकच पेला. शिकवण्याचं नियोजन असं मुलाकडून येतं.

दोन नियम पाळा. वहीत मुलांची खरी नावं लिहू नका. आणि ‘हट्टी’, ‘लाजाळू’, ‘हुशार’ असे शब्द पहिले सहा महिने वापरू नका. त्यांच्याऐवजी मुलाने काय केलं ते लिहा.

याशिवाय या दोन वर्षांत काय जमवावं?

गाणी आणि गोष्टी. तीस बडबडगीतं हावभावांसकट आणि पंधरा गोष्टी तोंडपाठ असाव्यात. ‘ये रे ये रे पावसा’ सगळ्यांनाच येतं. तुमच्या आजीला, शेजारच्या मावशींना विचारा, त्यांच्याकडे अशी गाणी आहेत जी कुठे छापलेली नाहीत. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, जी तुमच्या घरची बोली असेल तिच्यातली गाणी आणि उखाणे गोळा करा. मूल ज्या भाषेत घरी रडतं आणि हसतं, तिच्यात त्याचं शिकणं सुरू व्हावं.

आणि हातांची कामं. मातीकाम, कागद फाडून चिकटवणं, चिंचोके ओळीत लावणं, कवड्या-मणी ओवणं, कापडी बाहुल्या शिवणं. पालक रोज विचारणार आहेत, ‘माझा मुलगा अ आ इ कधी लिहिणार?’ त्यांना ओवलेली माळ दाखवून सांगता आलं पाहिजे की पेन्सिल धरणारी बोटं इथे तयार होत आहेत. तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर बाराखडी गिरवायला लावू नये.

माझं इंग्रजी कच्चं आहे. शहरात नोकरी मिळेल का?

मराठी माध्यमाच्या बालवाड्या आणि अंगणवाड्या यांत अडचण नाही. इंग्रजी शाळेत बोलण्यापुरतं इंग्रजी लागतं, ते दोन वर्षांत नक्की जमतं. स्वच्छ, सावकाश, पूर्ण वाक्यांत बोलणारी शिक्षिका कोणत्याही भाषेत मुलांना हवीशी वाटते.

घरचे म्हणतात, ‘मार्क कमी पडले तर बालवाडीचं बघू.’ त्यांना काय सांगू?

त्यांना कोसबाडची गोष्ट सांगा. ताराबाई मोडक या पदवीधर बाई भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे प्रयोग करत होत्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. शहरात जम बसलेला असताना १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला (आता पालघर जिल्ह्यात) ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिकलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, खडे, बिया, पानं हेच शैक्षणिक साहित्य झालं. आज देशभर जो ‘अंगणवाडी’ शब्द वापरतात त्याचं मूळ या कामात आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री.

मार्क कमी पडलेल्यांसाठी उरलेलं काम म्हणून कुणी हे क्षेत्र निवडू नये, आणि चांगले मार्क आहेत म्हणून कुणी टाळूही नये. नव्वद टक्के मिळवलेल्या मुलीने हे निवडलं तर मी तिच्या आईवडिलांना भेटायला स्वतः जाते.

मुलग्यांना या क्षेत्रात जागा आहे का?

अंगणवाडी सेविकेचं पद महिलांसाठी आहे. बाकी सगळं खुलं आहे : खासगी बालवाडी, स्वयंसेवी संस्था, पहिली-दुसरीचे वर्ग. गिजुभाई स्वतः वकिली सोडून बालशिक्षणात आले आणि गुजरातेत मुलं त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणत. काही शाळा अजून पुरुष शिक्षक घ्यायला कचरतात. पण घरात बाबांचा वेळ मिळत नाही अशी कितीतरी मुलं असतात. त्यांना एक शांत, मायाळू पुरुष रोज भेटणं फार मोलाचं असतं.

अनुभवासाठी बालवाडीत जाताना काय काळजी घ्यावी?

प्राचार्यांचं पत्र घेऊन जा. मुलांचे फोटो काढू नका, स्टेटसला तर मुळीच ठेवू नका. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबू नका. मुलाला शी-शूला नेण्याचं काम तिथल्या ताई किंवा मदतनीस करतील. एखाद्या मुलाच्या अंगावर खुणा दिसल्या किंवा त्याने काही काळजी वाटण्यासारखं सांगितलं तर त्याला खोदून विचारू नका, लगेच ताईंना आणि आपल्या शिक्षकांना सांगा. पॉक्सो कायदा २०१२ नुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती न कळवणं हा गुन्हा आहे. हे माझ्या वर्गात पहिल्या महिन्यातच सांगितलं जातं.

सेविका झाल्यावर पुढे बढती असते का?

अनुभव आणि पदवी असेल तर मुख्यसेविका, म्हणजे पर्यवेक्षिका होता येतं. बालविकास प्रकल्प अधिकारी हे पद लोकसेवा आयोगामार्फत भरलं जातं. म्हणून बारावीवर थांबू नका, मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी पूर्ण करा.

बारावीची परीक्षा संपली. निकालापर्यंतच्या सुट्टीत काय करू?

एप्रिलमध्ये बहुतेक खासगी बालवाड्या बंद होतात, पण अंगणवाडी बराच काळ चालू असते. तिथे सेविकाताईंना मदत करता येईल का विचारा. गल्लीतल्या सात-आठ मुलांना रोज संध्याकाळी जमवून गोष्टी सांगा, एकच गोष्ट तीन दिवस सांगून बघा आणि मुलं कुठे तुमच्या आधी बोलतात ते टिपा. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांचे अर्ज आत्ताच करा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते आणि दाखला वेळेत न आल्याने दर वर्षी कुणाचा ना कुणाचा प्रवेश हुकतो.